फितीच्या दुसऱ्या बाजूला

लंडनमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाने १९९३ च्या पावसाळ्यात, सांगलीला येणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर, माझ्यासाठी एक कॅसेट पाठवली. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या फितीवर त्याने घरीच भरलेली ती कॅसेट होती. तिच्यावर बँडचे नाव नव्हते, गाण्यांची यादी नव्हती, आतला रेघांचा कागद तसाच कोरा होता. पाठवण्यापूर्वी दादाने एक बाजू शेवटपर्यंत ऐकून खात्री करून घेतली असावी, कारण सगळी फीत एकाच चाकावर गोळा झालेली होती, आणि ज्या बाजूने ती पहिल्यापासून वाजेल असे दिसले ती बाजू मी टू-इन-वनमध्ये लावली. ती दुसरी बाजू होती, हे मला पुढे महिनाभर कळले नाही.

खिडकीबाहेर पाऊस आणि आत दोन गिटारी, असे ते पहिले ऐकणे अजून जसेच्या तसे आठवते. तोपर्यंत मी ऐकलेल्या रॉकमध्ये एक गिटार ठेका धरायची आणि दुसरी मिरवायची. इथे दोघींपैकी मुख्य कोण आणि साथीला कोण, हे ठरवताच येत नव्हते. एक गिटार वाक्य सुरू करायची, दुसरी ते मध्येच उचलून वेगळ्या दिशेला न्यायची, आणि तरीही दोघींचे बोलणे एकमेकींत मिसळून चिखल होत नव्हता. गाणाऱ्याचा आवाज बारीक, ताणलेला, जरासा घाबरलेला वाटणारा होता. आठ गाणी झाली, शेवटचे गाणे बोलांना मागे टाकून बराच वेळ नुसत्या गिटारीवर चालत राहिले आणि मिटले. त्यानंतर सात-आठ मिनिटे कोरी फीत फिरत राहिली. तिची बारीक खरखर, बाहेरचा पाऊस, आणि मग कळ आपोआप खटकन वर आली. मी ते तसेच बसून ऐकले, कारण आणखी काही येणार आहे असे वाटत होते.

दादाचे पत्र महिन्याने आले. ‘पहिली बाजू ऐकलीस ना? टेलिव्हिजन नावाचा न्यू यॉर्कचा बँड आहे. दुसऱ्या बाजूला त्यांचाच दुसरा अल्बम आहे, जरा फिका आहे, पण फीत उरत होती म्हणून भरला.’

ज्या आठ गाण्यांनी माझा तो महिना व्यापला होता, ती ‘फीत उरत होती म्हणून’ माझ्यापर्यंत आली होती. मला तेव्हा राग आला नाही, आश्चर्य वाटले. राग पुढे, समीक्षा वाचायला लागल्यावर आला, आणि तो कशाबद्दल होता हे नीट समजायला मला बरीच वर्षे लागली.

टेलिव्हिजन हा बँड ज्या काळात उभा राहिला तो काळ थोडा सांगायला हवा. मॅनहॅटनमधल्या बाउरी या तेव्हाच्या बकाल रस्त्यावर, ३१५ क्रमांकाच्या जागेत, हिली क्रिस्टल यांनी १९७३ च्या अखेरीस सीबीजीबी नावाचा क्लब काढला. १९७४ च्या मार्चमध्ये टेलिव्हिजन तिथे वाजवू लागले, आणि त्यांच्या पाठोपाठ पॅटी स्मिथ, रमोन्स, ब्लाँडी, टॉकिंग हेड्स अशी सगळी मंडळी त्या अरुंद, लांबट खोलीत आली. या सगळ्यांना पुढे कधी पंक तर कधी न्यू वेव्ह म्हटले गेले. पंक हा शब्द रेडिओवाल्यांना आणि दुकानदारांना बिचकवणारा होता, न्यू वेव्ह हा त्यांच्या पचनी पडणारा होता, आणि १९७७-७८ मध्ये एकाच बँडला दोन्ही नावे लावलेली सर्रास आढळतात. टेलिव्हिजनला यांपैकी कोणतेच नाव नीट बसत नाही. त्यांच्यात रमोन्सचा धसमुसळा वेग नव्हता आणि ब्लाँडीचा गोडवाही नव्हता. टॉम मिलर या न्यू जर्सीत जन्मलेल्या आणि डेलावेअरमध्ये वाढलेल्या तरुणाने फ्रेंच कवीचे आडनाव घेऊन टॉम व्हर्लेन असे नाव धारण केले होते, आणि त्याची गिटार खरोखरच कवितेसारखी, ओळ मोडून पुढच्या ओळीत जाणारी होती. दुसरी गिटार रिचर्ड लॉइडची, ढोल बिली फिका यांचे. बास गिटारवर आधी व्हर्लेनचा शाळेतला मित्र रिचर्ड हेल होता, तो १९७५ मध्ये गेला आणि ब्लाँडीतून फ्रेड स्मिथ आला.

१९७४ च्या अखेरीस ब्रिटिश संगीतकार आणि निर्माते ब्रायन ईनो यांनी या बँडची काही गाणी नमुन्यादाखल ध्वनिमुद्रित केली होती. व्हर्लेनला तो आवाज पसंत पडला नाही, तो त्याला थंड वाटला, आणि त्या नमुन्यांवरून व्हायचा अल्बमचा करार पुढे सरकला नाही. या नकाराची आठवण ठेवावी, कारण हेच ईनो चार वर्षांनी याच बाउरीवरच्या दुसऱ्या एका बँडच्या दुसऱ्या अल्बमच्या कामी येणार होते.

त्या नमुन्यांतली ‘प्रूव्ह इट’, ‘फ्रिक्शन’, ‘मार्की मून’ ही गाणी पुढे पहिल्या अल्बममध्ये आली. म्हणजे १९७६ च्या सप्टेंबरात बँड स्टुडिओत शिरला तेव्हा यांतली कित्येक गाणी दोन-अडीच वर्षे रात्रीमागून रात्री लोकांसमोर वाजून, घासून, कोपरे झिजून तयार झालेली होती. ‘मार्की मून’ हे अल्बमचे शीर्षकगीत सुमारे १० मिनिटांचे आहे, आणि ते एकाच फेरीत मुद्रित झाले. ढोल वाजवणाऱ्या फिकाला तर ती तालीम चालली आहे असेच वाटत होते. निर्माते अँडी जॉन्स यांनी आणखी एक फेरी घेऊ या असे सुचवले, आणि व्हर्लेनने नको म्हटले. हे तो म्हणू शकला, कारण ते गाणे त्याच्या हाताला पूर्ण माहीत होते.

‘मार्की मून’ १९७७ च्या फेब्रुवारीत आला आणि समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’मध्ये निक केंट यांनी त्यावर इतके भरभरून लिहिले की त्या परीक्षणाचाच पुढे इतिहासात उल्लेख होत राहिला. न्यू यॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी, जे अल्बमना शाळेतल्यासारखी श्रेणी देत, त्याला ‘ए प्लस’ दिली. त्याच नियतकालिकाने वर्षाअखेरीस घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानात तो तिसरा आला, सेक्स पिस्टल्स आणि एल्व्हिस कॉस्टेलो यांच्या खालोखाल. आणि तरीही अमेरिकेत तो पहिल्या २०० अल्बममध्येसुद्धा पोहोचला नाही. ब्रिटनमध्ये तो २८ व्या स्थानापर्यंत गेला.

मग १९७८ चा एप्रिल आला, आणि ‘ॲडव्हेंचर’.

या वेळी निर्मितीत व्हर्लेनबरोबर जॉन जॅन्सन होते. एखाद-दुसरे जुने गाणे सोडले तर या वेळी रात्रीमागून रात्री वाजून तयार झालेला साठा शिल्लक नव्हता, गाण्यांना स्टुडिओतच आकार द्यावा लागला, थरांवर थर चढवत. ‘कॅरीड अवे’मध्ये ऑर्गनचा सूर मागून पाण्यासारखा पसरतो, तसे काही पहिल्या अल्बममध्ये नाही. ‘डेज’मधल्या गिटारी चमकतात, पण टोचत नाहीत. ‘द फायर’ इतके सावकाश चालते की पुढचा ठोका पडेल की नाही अशी शंका येते. ‘फॉक्सहोल’ आणि ‘एंट दॅट नथिंग’ ही दोन गाणी सोडली तर हा अल्बम कुठेही आवाज चढवत नाही. ज्यांनी वर्षभर ‘मार्की मून’ची ती सुरीसारखी धार कानांत साठवली होती, त्यांना तो मवाळ वाटला, नको इतका नितळ वाटला, जणू बँडने दिवा बारीक केला आहे.

क्रिस्टगाऊ यांचे छोटे परीक्षण मी खूप उशिरा वाचले, आणि मला ते त्या काळातले सर्वांत प्रामाणिक परीक्षण वाटते. त्यांनी ‘ए मायनस’ दिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की पहिल्याइतकी तातडी आणि तृप्ती यात नाही हे खरे, पण त्याचा अर्थ इतकाच की पहिला अल्बम महान होता आणि हा अतिशय चांगला आहे. पुढे ते असेही सांगतात की फरक या अल्बमच्या शांत, विचारमग्न वृत्तीमुळे कमी आणि मुळातल्या गाण्यांमुळे अधिक आहे. पहिल्यात शब्दांगणिक चकित करणारे काही येत राहते, दुसऱ्यात ते ठरावीक ओळींपुरते येते आणि भोवती साधे, रोजचे बोलणे असते. हा माणूस दोन्ही अल्बम नीट ऐकून बोलत होता, तो कुणावर रागावला नव्हता, आणि त्याने शांतपणाला दोष मानले नाही.

पण हेही परीक्षण तुलनेवाचून एक पाऊल पुढे जाऊ शकत नाही. ‘अतिशय चांगला’ हे शब्द एरवी कुणाही संगीतकाराने चौकट करून भिंतीवर लावावेत असे आहेत. ‘महान’च्या शेजारी बसवले की तेच शब्द सांत्वनाचे होतात. आमच्याकडे थोरल्या भावाच्या मागून त्याच शाळेत जाणाऱ्या मुलाला प्रत्येक वर्गात गुरुजी पहिला प्रश्न विचारतात, ‘तू त्याचाच धाकटा ना?’ त्याने सत्तर टक्के मिळवले तर ते सत्तर राहत नाहीत, ‘थोरल्यापेक्षा पंधरा कमी’ होतात. ‘ॲडव्हेंचर’ची गुणपत्रिका अशी लिहिली गेली.

ब्रिटनमध्ये या फिक्या ठरलेल्या अल्बमने सातवे स्थान गाठले. पहिल्यापेक्षा २१ पायऱ्या वर. हे वाचून मला आधी न्याय झाल्यासारखा आनंद झाला होता, नंतर तो आनंद विरघळला. अल्बम बाजारात आल्या-आल्या पहिल्या आठवड्यात तो घेणाऱ्या माणसाने तो ऐकलेला नसतो. तो पहिल्या अल्बमच्या भरवशावर पैसे देतो. म्हणजे ते सातवे स्थान हे ‘मार्की मून’चेच उशिरा पोचलेले बक्षीस होते. वर्षभरापूर्वीच्या परीक्षणांनी जमवलेली माणसे दुकानात आली ती धाकट्याच्या नावाने, पण पैसे मोजले थोरल्यासाठी.

माझा दादा त्या माणसांपैकी एक होता. २००१ मध्ये कामानिमित्त मी लंडनला गेलो तेव्हा उत्तर-पश्चिम लंडनमधल्या त्याच्या घरी दोन आठवडे राहिलो. जिन्याखालच्या कपाटात त्याच्या रेकॉर्डी उभ्या लावून ठेवलेल्या होत्या, आमच्या घरी वह्या ठेवत तशा. ‘मार्की मून’चे वेष्टन कडांना पांढरे पडले होते, त्यात घडी घालून ठेवलेले साप्ताहिकाचे पिवळे पान होते, निक केंट यांचे परीक्षण असलेले. शेजारी ‘ॲडव्हेंचर’. ते वेष्टन जवळजवळ नवे होते आणि त्यात कात्रण नव्हते. रेकॉर्ड बाहेर काढली तर ती लाल निघाली. ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या प्रती लाल प्लॅस्टिकवर दाबलेल्या होत्या, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दादाने ती दिव्यासमोर धरली, आणि तिच्यातून पलीकडचा दिवा दिसला, कोकमाच्या सरबताच्या पेल्यातून दिसावा तसा, मध्ये खाचांच्या बारीक रेघा.

‘दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो होतो,’ दादा म्हणाला. ‘घरी आणली, लावली, आणि संध्याकाळपर्यंत वाट बघत राहिलो.’

‘कशाची?’

‘त्या दहा मिनिटांच्या गाण्यासारखे काहीतरी येईल याची. आले नाही.’

मी त्याला सांगितले की मी तो आधी ऐकला होता, पहिला अल्बम नंतर, त्यामुळे मी कशाचीच वाट बघत नव्हतो. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने लाल रेकॉर्ड फिरवत्या तबकडीवर ठेवली आणि आम्ही ती दोन्ही बाजूंनी ऐकली. ‘द ड्रीम्स ड्रीम’ संपल्यावर तो इतकेच म्हणाला की हे त्याने तेव्हा ऐकलेच नव्हते.

हे शेवटचे गाणे मी शेकडो वेळा ऐकले असेल. पावणेसात मिनिटांचे ते गाणे आहे आणि त्यात गायन अगदी थोडे, काही ओळी बोलून व्हर्लेन बाजूला होतो. मग गिटारीची एक उतरती वाक्यरचना येते. तीच पुन्हा येते, पण दुसऱ्या वेळी शेवटचा स्वर थोडा उशिरा पडतो. मग मध्ये एक विराम. आपल्याकडे एखादा गवई आलापात गंधारापर्यंत येतो आणि षड्जावर उतरायचे टाळतो, श्रोत्यांना माहीत असते की तो उतरणार आहे, आणि तो उतरत नाही, तसे हे उतरणे लांबवलेले आहे. ‘मार्की मून’ या गाण्यात याच्या नेमके उलट घडते. तिथे दोन गिटारी जिना चढत जातात, पायरीपायरीने, आणि वर पोचल्यावर सगळे फुटून पक्ष्यांच्या किलबिलाटासारखे विखुरते. चढणे सगळ्यांना ऐकू येते, टाळ्या चढण्यालाच मिळतात. उतरणे हीसुद्धा बांधणी आहे, ती कठीण आहे, हे ऐकण्यासाठी चढण्याची अपेक्षा मनात नसावी लागते, आणि १९७८ च्या एप्रिलमध्ये ती जवळजवळ प्रत्येकाच्या मनात होती.

दुसऱ्या अल्बमला साडेसाती लागतेच, असे रॉकविषयी बोलताना फार सहज म्हटले जाते. पहिल्यासाठी सगळे आयुष्य मिळते आणि दुसऱ्यासाठी सहा महिने, असा त्यामागचा हिशेब. टेलिव्हिजनच्या बाबतीत तो बराचसा लागू आहे, तरी एवढ्याने मला पटत नाही, कारण त्याच वर्षी न्यू वेव्हच्या त्याच गोतावळ्यातले दुसरे दोन ‘दुसरे अल्बम’ समीक्षकांनी उचलून धरले. एल्व्हिस कॉस्टेलोचा ‘धिस इयर्स मॉडेल’ तर ‘व्हिलेज व्हॉइस’च्या १९७८ च्या मतदानात पहिला आला. आणि जुलैत आलेला टॉकिंग हेड्सचा ‘मोअर साँग्ज अबाउट बिल्डिंग्ज अँड फूड’, ज्याच्या निर्मितीसाठी बँडने बहामामधल्या स्टुडिओत ज्यांच्याबरोबर काम केले ते ब्रायन ईनो, म्हणजे व्हर्लेनने ज्यांचा आवाज नाकारला होता तेच. त्या अल्बममधले अल ग्रीनचे जुने गाणे, ‘टेक मी टू द रिव्हर’, अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत २६ व्या स्थानी गेले. समीक्षकांनी लिहिले, रेडिओने वाजवले, बँडचा पुढचा रस्ता मोकळा झाला.

हे तीन अल्बम मी अनेकदा लागोपाठ ऐकले आहेत. कॉस्टेलोने दुसऱ्या अल्बमला नवा बँड आणला, ॲट्रॅक्शन्स, आणि त्यांचा ढोल व ऑर्गन पहिल्या दहा सेकंदांत सांगतात की इथे काही बदलले आहे. टॉकिंग हेड्सने ठेक्याला पुढे आणले, सुरांना वेगळा रंग दिला, तो बदलही लगेच अंगावर येतो. अशा बदलावर लिहिता येते. परीक्षकाला परीक्षणाचे पहिले वाक्य आयते मिळते. टेलिव्हिजन बदलले ते शांत होऊन. तीच चार माणसे, तीच वाद्ये, तोच आवाज, फक्त स्वभाव निवळलेला. जो बदल आवाज वाढवून येतो त्याला प्रगती म्हटले जाते, आणि जो आवाज उतरवून येतो त्यात लोक काय कमी झाले ते मोजू लागतात. परीक्षकाला ठरलेल्या दिवशी मजकूर द्यायचा असतो, त्याच्या टेबलावर त्या आठवड्यात आलेल्या आणखी वीस रेकॉर्डी असतात, हे मी समजू शकतो. ‘ॲडव्हेंचर’ तीन आठवड्यांत उलगडणारा अल्बम होता आणि त्याला तीन दिवस मिळाले असतील.

अल्बम आल्यावर काही महिन्यांतच, १९७८ मध्येच, बँड मोडला. व्हर्लेन आणि लॉइड दोघांनाही आपापल्या वाटेने जायचे होते, त्याचे खापर परीक्षणांवर फोडणे बरोबर नाही. पण बँड मोडल्यामुळे एक गोष्ट झाली. तिसरा अल्बम लगेच आला असता तर दुसऱ्याकडे मधला टप्पा म्हणून बघता आले असते, वाट इकडून तिकडे वळत होती असे म्हणता आले असते. तो १९९२ मध्ये आला, १४ वर्षांनी. मधल्या सगळ्या काळात ‘ॲडव्हेंचर’ हा शेवट होता, आणि शेवटाकडे लोक कारण शोधायच्या नजरेने बघतात. बँड का मोडला याचे उत्तर त्या अल्बमच्या निवळलेपणात सापडते, असे नंतरच्या लेखनात कितीदा तरी सुचवलेले मी वाचले आहे. ‘द फायर’ मोडणाऱ्या बँडचे गाणे म्हणून ऐकले तर ते थकलेले वाटते. मी ते मोडण्याची बातमी माहीत नसताना ऐकले, आणि मला ते रात्री उशिरा शेगडीजवळ बसलेल्या माणसाचे गाणे वाटले होते, ज्याला उठायची घाई नाही.

इथे मला स्वतःशीही प्रामाणिक राहिले पाहिजे. महिनाभराने मी कॅसेटची पहिली बाजू लावली तेव्हा ‘सी नो ईव्हिल’चे पहिले काही सेकंद ऐकून मी चपापलो होतो. इतके तल्लख, इतके सावध संगीत मी आधी ऐकले नव्हते. शीर्षकगीत संपल्यावर मी फीत मागे फिरवून तेच पुन्हा लावले, आणि त्या दिवशी तिसऱ्यांदाही. हा अल्बम जवळजवळ ४६ मिनिटांचा आहे, फितीची एक बाजू ४५ ची, त्यामुळे शेवटचे ‘टॉर्न कर्टन’ मिटत असतानाच माझ्या कॅसेटवर तुटते. ‘मार्की मून’ महान आहे, हे म्हणताना मला काडीचाही संकोच नाही. क्रिस्टगाऊ यांच्या दोन श्रेणींमधले अंतरही मी मान्य करीन. तरी वर्षानुवर्षे, कठीण दिवसांत, हात गेला तो फितीच्या दुसऱ्या बाजूकडे. आई रुग्णालयात होती त्या सोळा रात्री मी जे ऐकत होतो ते ‘कॅरीड अवे’ आणि ‘डेज’. धार असलेले संगीत तेव्हा सोसले नसते.

हे प्रेम माझ्या ऐकण्याच्या क्रमातून आले का? चाक दुसऱ्या बाजूला गुंडाळलेले असते आणि मी ‘मार्की मून’ आधी ऐकला असता, तर आज मीही ‘फिका’ म्हणालो असतो का? कदाचित म्हणालो असतो. याचा मी बराच विचार केला आहे, आणि त्यामुळे दादावरचा, परीक्षकांवरचा माझा राग गेला. त्यांनी ऐकले त्यात खोट नव्हती. त्यांच्या हाती क्रम आला तो तसा आला, कारण अल्बम बाहेर पडतात तो एकाच क्रमाने, आणि त्या क्रमाबाहेर उभे राहून ऐकण्याची सोय १९७८ मध्ये कुणालाच नव्हती. ती मला एका कोऱ्या कागदाच्या कॅसेटमुळे, मागून पंधरा वर्षांनी आणि साडेसात हजार किलोमीटरवर मिळाली. पण एवढ्यासाठीच मला वाटते की एखाद्या कृतीवर तिच्या जन्माच्या आठवड्यात दिलेला निकाल नंतरच्या पिढ्यांनी नकलून घेऊ नये. नंतर लिहिणाऱ्यांपाशी वेळ असतो, आणि दुसरी बाजू आधी लावून बघायला कुणाची हरकत नसते.

टॉम व्हर्लेन २८ जानेवारी २०२३ रोजी न्यू यॉर्कमध्ये गेले. ७३ वर्षांचे होते. त्या आठवड्यात जेवढे मृत्युलेख मिळाले तेवढे मी वाचले. सगळ्यांत ‘मार्की मून’ होता, असायलाच हवा. ‘ॲडव्हेंचर’ बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकलेला होता, आणि त्या वाक्यात पहिल्या अल्बमशी तुलना होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा निकाल शाईसुद्धा न बदलता छापला जात होता. दादाने त्या रात्री लंडनहून फोन केला. दोघेही फार बोललो नाही. त्याने रेकॉर्ड लावली आणि फोन स्पीकरजवळ धरला, आणि पहिल्या स्वरांवरून मी ओळखले की त्याने लाल रेकॉर्ड लावली आहे.

‘ॲडव्हेंचर’ नावाचे गाणे त्या अल्बममध्ये नाही. ते मुद्रित झाले होते, पण बाजूला ठेवले गेले, आणि नाव तेवढे मागे राहिले. २००३ मध्ये निघालेल्या सीडीवर ते पहिल्यांदा आले, ‘द ड्रीम्स ड्रीम’ संपल्यावर लगेच. मी ती सीडी पुण्यात मागवून घेतली आणि पहिल्यांदा लावली तेव्हा शेवटचे गाणे मिटल्यावर सवयीने त्या सात-आठ मिनिटांच्या खरखरीची वाट पाहत बसलो, आणि त्या जागी चौघेजण अचानक मोकळेपणाने, जवळजवळ हसत, वाजवू लागले. गाणे पाच-सहा मिनिटांचे आहे. माझ्या कॅसेटवर जी फीत कोरी उरली होती, तिच्यात ते सहज मावले असते.